शस्त्रक्रियेनंतर वजन थांबते तेव्हा

बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया होते, पहिल्या काही महिन्यांत वजन झपाट्याने उतरते, कपडे सैल होतात, गुडघ्यांवरचा भार हलका होतो. मग एके दिवशी वजनकाटा थांबतो. आठवडा जातो, दोन आठवडे जातात, कधी महिना उलटतो. आकडा जागचा हलत नाही. आहार तोच, चालणे तेच आणि तरीही वजन तेवढेच! शस्त्रक्रिया फसली का, पोट पुन्हा मोठे झाले का, इतका खर्च वाया गेला का, असे प्रश्न मनात घर करू लागतात. वैद्यकीय भाषेत या अवस्थेला 'प्लॅटो' म्हणतात. मराठीत तिला वजनाचा थांबा किंवा पठारावस्था म्हणता येईल. ही शस्त्रक्रिया झालेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला हा थांबा येतो. धोका बहुतेक वेळा थांब्यात नसून त्या काळात घाबरून केलेल्या गोष्टींत असतो.

मुरबाड आणि शहापूर म्हटले की शहरी वाचकाला मुंबईला पाणी पुरविणारी धरणे, उन्हाळ्यातील टंचाई, भातशेती आणि आदिवासी पाड्यांतील कुपोषण आठवते. लठ्ठपणा हा शहराचा आजार, अशी आपली समजूत असते. ती आता पूर्णपणे खरी राहिलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ या वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि त्याच वयोगटातील सुमारे २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ होते. २०१५-१६ च्या फेरीत हेच प्रमाण अनुक्रमे २०.६ आणि १८.९ टक्के होते. एकाच तालुक्यात, कधी एकाच घरात, कुपोषित मूल आणि मधुमेही, स्थूल प्रौढ माणूस आढळू शकतो. अशा रुग्णाची शस्त्रक्रिया मुंबई, ठाणे किंवा पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात होते. नंतरचे आयुष्य मात्र गावी जाते. मुरबाडहून एसटीने कल्याण गाठायचे, आसनगाव किंवा कसाऱ्याहून लोकल पकडायची, पुढे रुग्णालयातील रांग. एका तपासणीसाठी अख्खा दिवस आणि दिवसाची मजुरी खर्ची पडते. वजन उतरत असते तोवर हा फेरा उत्साहाने होतो. वजन थांबले की तो टाळावासा वाटतो आणि नेमका तेव्हाच तो सर्वांत गरजेचा असतो.

शस्त्रक्रियेत काय होते?

सप्टेंबर २०११ मध्ये भाजपचे तत्कालीन राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि बॅरिअॅट्रिक हा शब्द महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचला. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना उपचारांसाठी मुंबईत आणण्यात आले, तेव्हा त्यांचे वजन किती किलोंनी उतरले याच्या बातम्या रोज येत होत्या. अशा बातम्यांतून आकडा लक्षात राहतो. त्यामागील शरीराचे गणित मागे पडते.

भारतात सर्वाधिक होणारी शस्त्रक्रिया म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टोमी. तीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि उरलेल्या भागाची केळ्याच्या आकाराची अरुंद नळी राहते. दुसरा प्रकार गॅस्ट्रिक बायपास. यात जठराचा अगदी लहानसा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. बायपासची सुरुवात १९६० च्या दशकात अमेरिकेतील आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन यांनी केली. दोन्ही प्रकारांत खाण्याचे प्रमाण घटते, पण परिणाम तेवढ्यावर थांबत नाही. भूक जागविणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते. स्लीव्हमध्ये तो भागच निघून जात असल्याने भूक मंदावते. आतड्यात अन्न लवकर पोहोचल्याने तृप्तीची जाणीव करून देणारी संप्रेरके वाढतात. म्हणूनच केवळ डाएटने वजन उतरविणाऱ्यापेक्षा शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीला भुकेशी कमी झगडावे लागते.

वजन का थांबते?

पहिले कारण पाण्याचे आहे. यकृत आणि स्नायू यांत ग्लायकोजेन या रूपाने साखरेचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. शस्त्रक्रियेनंतर अन्न एकदम घटते, हा साठा संपतो आणि पाणी निघून जाते. पहिल्या दोन आठवड्यांतील घसघशीत घट बरीचशी या पाण्याची असते. पुढे द्रव आहाराकडून मऊ आहाराकडे जाताना साठा थोडा भरतो, पाणी परतते आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास काटा थबकतो. चरबी तेव्हाही जळत असते. पाण्याच्या वाढीमुळे ती घट काट्यावर दिसत नाही, इतकेच.

दुसरे कारण साधे गणित आहे. ११५ किलोंचे शरीर चालविण्यास लागणारी ऊर्जा ८५ किलोंच्या शरीराला लागत नाही. तेच अंतर चालताना हलका माणूस कमी ऊर्जा खर्च करतो. सुरुवातीला खाणे आणि खर्च यांत मोठी तफावत असते. वजन उतरते तसा खर्च घटतो, दुसरीकडे खाण्याचे प्रमाण हळूहळू वाढत असते. दोन्ही रेषा जेथे मिळतात तेथे वजन स्थिरावते.

तिसरे कारण शरीराच्या स्वसंरक्षणाचे आहे. उपासमार आणि स्वेच्छेने केलेली वजनघट यांतील फरक शरीराला कळत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले आणि विश्रांतीच्या वेळचा ऊर्जाखर्च घटलेल्या वजनाच्या मानानेही अधिक खाली आला. वजन उतरविण्याच्या एका प्रसिद्ध अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सरासरी सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करीत असल्याचे दिसले. बहुतेकांचे बरेच वजन परतही आले होते. शस्त्रक्रियेने भुकेची बाजू बदलते, पण शरीराची ही काटकसरी वृत्ती पूर्णपणे जात नाही.

कोणता थांबा केव्हा?

सर्व थांबे सारखे नसतात. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यांतील थांबा पाण्याचा असतो आणि एक ते तीन आठवड्यांत आपोआप सुटतो. त्यासाठी काहीही वेगळे करण्याची गरज नसते.

तिसऱ्या ते नवव्या महिन्यांत वजन पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. काही आठवडे स्थिर, मग एकदम दीड-दोन किलो खाली. या काळात कमरेचा घेर, कपड्यांचे माप आणि रक्तातील साखर यांत सुधारणा होत असेल, तर काट्यावरील आकड्याला फार महत्त्व देऊ नये.

बाराव्या ते अठराव्या महिन्यांच्या सुमारास येणारा थांबा वेगळा. येथे बहुतेकांचे वजन आपल्या नव्या पातळीवर स्थिरावते. हा प्रवासातील अडथळा नसून बऱ्याचदा मुक्कामाचे ठिकाण असते आणि हे कोणी आधी सांगितलेले नसते.

त्यानंतर, साधारण दुसऱ्या वर्षापासून पुढे, थोडे वजन परत येणेही अपेक्षित असते. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत जास्तीत जास्त ३२ टक्क्यांनी घटले होते. दहा वर्षांनी ही घट मूळ वजनाच्या २५ टक्क्यांवर स्थिर झाली. म्हणजे काही वजन परतले, तरी मोठा हिस्सा परतला नाही. शस्त्रक्रिया न झालेल्या गटाच्या तुलनेत मृत्यूचे प्रमाणही कमी आढळले. फिनलंडमध्ये स्लीव्ह आणि बायपास यांची तुलना करणाऱ्या अभ्यासात दहा वर्षांनंतर जादा वजनापैकी स्लीव्हच्या गटात सुमारे ४४ टक्के आणि बायपासच्या गटात सुमारे ५२ टक्के घट टिकून होती.

यश कशाला म्हणावे?

एक उदाहरण घेऊ. उंची १६० सेंटिमीटर, शस्त्रक्रियेपूर्वीचे वजन ११५ किलो. बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, सुमारे ४५. या उंचीला बीएमआय २५ येण्यासाठी वजन ६४ किलो हवे. म्हणजे जादा वजन ५१ किलोंचे. त्यातील ६० टक्के उतरले, तर सुमारे ३१ किलो कमी होतात आणि वजन ८४ किलोंवर थांबते. बीएमआय तेव्हाही ३३ च्या जवळ असतो. शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने ही शस्त्रक्रिया यशस्वी आहे. आरशासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला मात्र अजून वीस किलो उतरायचे बाकी आहेत असे वाटते. शेजारी विचारतात, 'इतके ऑपरेशन करून एवढेच?' या दोन मोजपट्ट्यांतील अंतर शस्त्रक्रियेपूर्वीच समजून घेतले असते, तर पुढचे बरेच नैराश्य टळते.

म्हणून थांबा आला की प्रथम मागे वळून पाहावे. मधुमेहाच्या किती गोळ्या कमी झाल्या? रक्तदाब आटोक्यात आहे का? घोरणे थांबले का? स्टेशनचा जिना दम न लागता चढता येतो का? पाळी नियमित झाली का? हे बदल वजनाइतकेच, किंबहुना अधिक मोलाचे आहेत.

आधी नोंद, मग निष्कर्ष

रोज वजन करणाऱ्याला थांबा लवकर दिसतो आणि अधिक छळतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर, त्याच काट्यावर वजन करावे. किराणा दुकान, दवाखाना आणि घर येथील काट्यांत किलो-दीड किलोचा फरक सहज असतो. महिन्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर मोजावा. चार आठवडे वजन आणि घेर दोन्ही स्थिर असतील, तरच त्याला खरा थांबा म्हणावे. आतापर्यंतच्या सर्वांत कमी वजनापेक्षा पाच किलोंहून अधिक वाढ झाली आणि ती महिन्या-दोन महिन्यांत उतरली नाही, तर तो थांबा राहत नाही. तेव्हा वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे.

एका वहीत सलग सात दिवस खाल्लेले-प्यालेले सर्व लिहावे. चहाचे कप, बिस्किटे, मुलांच्या ताटातील उरलेले घास, देवळातील प्रसाद, सगळे. पुष्कळदा थांब्याचे उत्तर या वहीतच सापडते.

ताटात काय आणि कोणत्या क्रमाने?

शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने आवश्यक मानली जातात. पोट लहान झाल्यामुळे ताटातील क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी प्रथिने, मग भाजी आणि जागा उरली तरच भात किंवा भाकरी. मुरबाड-शहापूरच्या घरातील ताट नेमके याच्या उलट असते. भाताचा ढीग किंवा तांदळाची भाकरी मधोमध, बाजूला पातळ कालवण. चार घास भाताने पोट भरले की वाटीतील डाळ तशीच राहते. प्रथिने कमी पडली की शरीर स्नायू मोडून गरज भागविते, स्नायू घटले की ऊर्जाखर्च घटतो आणि थांबा लांबतो.

यावर उपाय महागडी पावडरच असे नाही. दोन अंड्यांतून सुमारे १२ ग्रॅम, पेलाभर दुधातून सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट उसळीतून सात, ५० ग्रॅम पनीरमधून नऊ, वाटीभर दह्यातून पाच आणि शंभर ग्रॅम मासे किंवा चिकन यांतून १८ ते २५ ग्रॅम प्रथिने मिळतात. ही बेरीज साठच्या आसपास जाते. वालाचे बिरडे, मूग, चवळी, हरभरा हे या भागाचे रोजचे खाणे आहे. ते पातळ न करता घट्ट शिजवावे. सुके बोंबील, जवळा, सुकट यांत वजनाच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक प्रथिने असतात. मात्र त्यांत मीठ फार असल्याने ते कोमट पाण्यात दोन-तीनदा धुऊन घ्यावेत आणि रक्तदाब असल्यास बेताने खावेत. शाकाहारी व्यक्तींनी सोयाबीन, पनीर, दही यांचा आधार घ्यावा. नाचणी कॅल्शियमसाठी उत्तम. पण नाचणीची पातळ पेज दिवसभर पीत राहिल्यास कॅलरी वाढतात आणि पोट भरत नाही. पावसाळ्यात मिळणाऱ्या करटोली, टाकळा, कुर्डू या रानभाज्या अवश्य खाव्यात, परंतु त्यांच्याकडून प्रथिनांची अपेक्षा ठेवू नये.

थांब्यामागचा आणखी एक छुपा कारणीभूत घटक म्हणजे सहज सरकून जाणारे अन्न. पोळी-भाजीचे चार घास खाल्ले की पोट भरते. पण शेव, फरसाण, वेफर्स, चहात बुडविलेली बिस्किटे, आइस्क्रीम लहान पोटातूनही सुळकन् पुढे जातात आणि तासाभरात पुन्हा जागा होते. पहाटेची लोकल पकडणाऱ्या नोकरदाराची न्याहारी बहुधा स्टेशनवरचा चहा आणि वडापाव अशी असते. त्याऐवजी डब्यात दोन उकडलेली अंडी किंवा मुगाची धिरडी नेली, तर दिवसाची सुरुवातच बदलते. जेवण वीस ते तीस मिनिटे, सावकाश चावून करावे. बायपास झालेल्यांनी गोड पदार्थांबाबत विशेष जपावे. त्यांना गोड खाल्ल्यावर घाम, धडधड, जुलाब आणि काही वेळाने साखर एकदम खाली येणे असा त्रास होऊ शकतो.

पाणी, चहा, उपवास आणि मद्य

दिवसभरात किमान दीड ते दोन लिटर पाणी घोट घोट प्यावे. जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास मात्र पिऊ नये. पाण्यामुळे अन्न लवकर पुढे ढकलले जाते, असे सांगितले जाते. उन्हाळ्यात शेतात किंवा प्रवासात शरीरातील पाणी कमी झाले की थकवा येतो आणि तहानेलाच भूक समजून खाणे होते. दिवसातून पाच-सहा कप गोड चहा म्हणजे दहा-बारा चमचे साखर, हेही लक्षात घ्यावे. चहामुळे लोहाचे शोषण घटते, म्हणून लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये.

वजन थांबले की अनेक जण उपवास वाढवितात. श्रावण, नवरात्र, संकष्टी, त्यात आणखी एखादा वार. उपवासाच्या ताटात साबुदाणा, बटाटा आणि वेफर्स असतात. प्रथिने जवळजवळ नसतात. मधुमेहाची औषधे चालू असतील, तर साखर धोकादायक रीतीने घसरू शकते. श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याचा. उपवास करायचाच असेल, तर दूध, दही, ताक, पनीर, शेंगदाणे यांवर बेतावा आणि डॉक्टरांना आधी विचारावे.

मद्याबाबत स्पष्ट सांगायला हवे. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः बायपासनंतर, मद्य रक्तात लवकर आणि अधिक प्रमाणात पोहोचते. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी मद्यपानाच्या विकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा वाढलेले आढळले. हे दुसरे वर्ष म्हणजे वजन थांबण्याचाच काळ. पूर्वी खाण्यातून मिळणारा दिलासा आता पेल्यात शोधला जात नाही ना, याकडे घरच्यांनीही लक्ष द्यावे. तंबाखू, मिश्री आणि धूम्रपान यांपासूनही दूर राहावे. धूम्रपानाने बायपासच्या जोडाजवळ व्रण होण्याचा धोका वाढतो.

स्नायू जपा

भारतीय शरीराबाबत एक महत्त्वाची गोष्ट पुण्यात उजेडात आली. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवून दिले, की तितक्याच बीएमआयच्या युरोपीय माणसापेक्षा भारतीय माणसाच्या शरीरात चरबी अधिक आणि स्नायू कमी असतात. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे उदाहरण दिले. दोघांचाही बीएमआय २२.३, पण चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. मुळात स्नायूंची पुंजी कमी असलेल्या शरीराला शस्त्रक्रियेनंतर स्नायू गमावणे परवडत नाही.

म्हणून केवळ चालणे पुरेसे नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटे दमदार चालणे आणि त्याखेरीज दोन-तीन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवा. त्यासाठी जिम लागत नाही. खुर्चीतून हात न टेकता दहा-पंधरा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, जिना चढणे, पाणी भरलेल्या बाटल्या उचलणे, एवढ्यानेही सुरुवात होते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मात्र हंडा, पोती असे जड ओझे शल्यचिकित्सकाने परवानगी देईपर्यंत उचलू नये.

शेतकरी कुटुंबांत श्रम हंगामाप्रमाणे बदलतात. भात लावणीच्या दिवसांत कंबर मोडेपर्यंत काम, कापणी-झोडणी संपली की पुढचे महिने निवांत. त्याच निवांत काळात लग्ने येतात आणि पौषात म्हसा येथील मोठी यात्रा भरते. काम उतरते आणि खाणे चढते, अशा वेळी वजन थांबणे स्वाभाविक आहे. हंगाम संपल्यावर चालण्याचा व व्यायामाचा वेळ ठरवून वाढवावा. झोप किमान सात तास हवी. पहाटे निघून रात्री परतणाऱ्या कसारा मार्गावरील प्रवाशांसाठी हेच सर्वांत अवघड पथ्य आहे.

गोळ्या आणि तपासण्या

वजन थांबल्याच्या निराशेत अनेकांच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्याही थांबतात. ही चूक महागात पडते. मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, जीवनसत्त्व ड, बी-१२ आणि गरजेनुसार लोह ही पूरके बहुतेकांना आयुष्यभर लागतात. कॅल्शियम आणि लोह यांच्या गोळ्यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. रक्तक्षय आणि बी-१२ ची कमतरता झाली, की थकवा येतो, हालचाल घटते आणि वजन आणखी अडते. पहिल्या वर्षी साधारण तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, नंतर दरवर्षी रक्ततपासणी आवश्यक असते. थांबा लांबला असेल, तर थायरॉइडची तपासणीही करावी. इन्सुलिन, काही मधुमेहाच्या गोळ्या, स्टिरॉइड आणि मानसिक आजारांवरील काही औषधे यांमुळे वजन वाढते. ती स्वतःहून बंद न करता डॉक्टरांशी बोलून बदलावीत.

यातील प्रत्येक गोष्टीसाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. वजन, रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात तपासता येते. अहवाल फोनवर पाठवून शल्यचिकित्सक किंवा आहारतज्ज्ञ यांच्याशी दूरध्वनीवर बोलता येते. २०२० मध्ये आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा दूरस्थ सल्ल्याला रीतसर मान्यता दिली आहे. पुढील तपासणीची तारीख रुग्णालयातून निघतानाच ठरवून घ्यावी.

स्त्रियांनी एक बाब ध्यानात ठेवावी. वजन उतरल्यावर पाळी नियमित होते आणि गर्भधारणेची शक्यता वाढते. शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला जातो. त्या काळात पोटात घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. वजन थांबले आणि पाळीही चुकली असेल, तर आधी गर्भधारणेची चाचणी करावी.

कशाला थांबा समजू नये?

सतत उलट्या, पाणीही न टिकणे, पोटात तीव्र कळा, ताप, काळी शौचास होणे, पायांना मुंग्या, दृष्टी दुहेरी होणे किंवा बोलण्यात गोंधळ ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ग्रामीण भागात दोन गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे सलाईन. अशक्तपणा आला की ग्लुकोजचे सलाईन लावून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर बरेच दिवस उलट्या होणाऱ्या रुग्णाच्या शरीरात बी-१, म्हणजे थायमिन, कमी झालेले असू शकते. थायमिन न देता ग्लुकोज दिल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते. दुसरी गोष्ट वेदनाशामकांची. अंगदुखीसाठी सर्रास घेतली जाणारी काही इंजेक्शने आणि गोळ्या, विशेषतः बायपासनंतर, व्रण निर्माण करू शकतात. म्हणून शस्त्रक्रियेचा प्रकार व तारीख लिहिलेले डिस्चार्ज कार्ड पाकिटात ठेवावे आणि गावातील डॉक्टरांना ते आधी दाखवावे.

पुढचे उपाय

आहार, व्यायाम आणि तपासण्या व्यवस्थित असूनही वजन लक्षणीय वाढत असेल, तर आज उपाय आहेत. दुर्बिणीने किंवा क्ष-किरणाद्वारे जठराची रचना तपासता येते. काहींना दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. ती पहिलीपेक्षा अधिक जोखमीची असल्याने घाईने ठरवू नये. भूक कमी करणारी नवी इंजेक्शनेही उपलब्ध आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर अपेक्षित घट न झालेल्यांना २४ आठवडे लिराग्लुटाइड हे औषध देण्यात आले. त्यांचे वजन सरासरी सुमारे नऊ टक्क्यांनी घटले. औषध न मिळालेल्या गटात घट अर्ध्या टक्क्याच्या आसपास होती. ही औषधे तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. बाजारातील चरबी जाळणारे काढे, चूर्णे आणि 'पाउच रीसेट'च्या नावाखाली पुन्हा आठवडाभर केवळ द्रवावर राहणे यांपासून दूर राहावे. त्यातून उतरते ते पाणी आणि स्नायू.

अखेर प्रश्न मनाचा आहे. ज्या रुग्णाचे वजन थांबते तो पुष्कळदा तपासणीला जाणेच सोडतो. डॉक्टर रागावतील, आहारतज्ज्ञ वही मागतील, घरचे खर्चाची आठवण काढतील, याची लाज त्याला वाटत असते. वास्तविक लठ्ठपणा हा मधुमेहासारखाच दीर्घकालीन आजार आहे आणि शस्त्रक्रिया हे त्यावरील मोठे साधन आहे. साखर वाढली म्हणून मधुमेही माणूस डॉक्टरांपासून तोंड लपवीत नाही. वजन थांबलेल्यानेही लपवू नये. घरच्यांनी दर आठवड्याला आकडा विचारण्यापेक्षा ताटातील पहिला वाढप डाळीचा किंवा अंड्याचा ठेवावा आणि संध्याकाळी सोबत चालायला निघावे. निराशा वाढली, झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलता येते.

वजनकाटा थांबला, तरी पुढील तपासणीची तारीख चुकवू नये. त्या दिवशी वही, गोळ्यांची पाकिटे आणि मनातील प्रश्न सोबत घेऊन जावे.